उपकेंद्रावर नव्यानं रुजू होणाऱ्या सीएचओसाठी (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी)

"तुम्ही डॉक्टर, का सिस्टर?"

हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. मला तो दूध संस्थेच्या कट्ट्यावर आला. २०१९ साल होतं, आणि गारगोटीपासून बऱ्याच आत, भुदरगड तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य उपकेंद्रावर रुजू होऊन मला चार दिवस झाले होते. कोल्हापुरात एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत पाच वर्षं काढून आलेली मी. मला वाटलं, नीट समजावून सांगावं. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे काय, योजना काय, बी.एस्सी. नर्सिंगनंतर सहा महिन्यांचा कोर्स कसा केला, सगळं सांगितलं. विचारणाऱ्या तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे दोन्हीच्या मधलं. बरं. माझा गुडघा बघा."

आता कुणी विचारलं की मी तात्यांचंच उत्तर देते. दोन्हीच्या मधलं.

नव्या ऑर्डरी निघाल्या की ओळखीतून ओळखीतून मुलामुलींचे फोन येतात. मॅडम, रुजू झालोय, आता करायचं काय? प्रत्येकाला तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. हे माझ्या डोंगरी भागातलं आहे. शिरोळ-हातकणंगल्याकडच्यांनी त्यातलं लागेल तेवढं घ्यावं.

आधी हुद्द्याचं. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं व्हायला लागली. २०२३ मध्ये नाव बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. पाटी दोनदा रंगवली, पण गावात अजून "सिस्टरचा दवाखाना"च म्हणतात. आपल्यात बी.एस्सी. नर्सिंगवाले आहेत, बीएएमएसवाले आहेत. मानधन दरमहा २५,००० आणि कामावर आधारित मोबदला जास्तीत जास्त १५,०००. नोकरी कंत्राटी. दुसरी रक्कम धरून घराचा हप्ता ठरवू नका, एवढंच सांगते.

माझ्या नणंदेची मुलगी अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर आहे. तिकडे हे फार जुनं. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड नावाच्या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं मिळून पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर पुरेनात, म्हणून. म्हणजे दुखणं आपल्यासारखंच. पण तिकडच्या कितीतरी राज्यांत ती स्वतः तपासते, स्वतः औषध लिहिते, डॉक्टरची सही लागत नाही. व्हिडिओ कॉलवर विचारत होती, "मामी, तू अँटिबायोटिक लिहितेस का?" म्हटलं, यादीतलं, ठरलेल्या आजाराला, ठरलेल्या डोसात देते. बीपीची पहिली गोळी मात्र आमचे एमओ, म्हणजे मेडिकल ऑफिसर, सुरू करतात, मी ती बंद पडू देत नाही. तिला ते कमी वाटलं. मलाही पहिली दोन वर्षं कमीच वाटायचं.

म्हणून पहिलं काम हे करा. उपकेंद्राच्या पातळीला १०५ औषधांची यादी आहे. फळीवर त्यातली किती असतात ते तुम्ही बघालच. ती यादी घेऊन पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसरांसमोर बसा आणि प्रत्येक औषधापुढे तीनपैकी एक लिहून घ्या: मी देणार, फोन करून देणार, किंवा फक्त चालू असलेलं पुढे देणार. खाली त्यांची सही घ्या. एमओ बदलले की यादी नवी. मी हे केलं नव्हतं. एमओ बदलले आणि जे औषध काल चालत होतं, त्याच्याबद्दल आज "कुणी सांगितलं द्यायला?" असं भर मिटिंगमध्ये ऐकावं लागलं. सांगितलं होतं, पण तोंडी.

सिस्टरांचं टेबल

उपकेंद्रावर आरोग्य सेविका आधीपासून असतात. माझ्या इथल्या सिस्टर वीस वर्षांच्या जुन्या. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची. त्यात मी आले, वयानं लहान आणि नावापुढं "अधिकारी". दुसऱ्या दिवशी उजेड चांगला येतो म्हणून मी त्यांचं खिडकीजवळचं टेबल आतल्या खोलीत सरकवलं आणि माझं तिथं लावलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे तीन महिने कुठल्या वाडीत कोण गरोदर आहे हे मला सगळ्यात शेवटी कळायचं.

शेवटी टेबल परत जागेवर नेलं. माझं दाराशी लावलं. दाराशी बसलं की येणारा माणूस चालत कसा येतोय ते दिसतं, हा फायदा मागाहून कळला.

तेव्हा पहिले पंधरा दिवस ओपीडीचा धडाका लावू नका. आशाताईंबरोबर पायी फिरा. घरं मोजायला फिरायचंच आहे, पण त्याच फेरीत बाकीचंही टिपून घ्या: कुठल्या वाडीला रेंज नाही, कुणाची जीप रात्री निघते, पहिली एसटी किती वाजता, पाण्याच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कोण टाकतं आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, खरंच होते का. आणि कुठला बंधारा आधी बुडतो. याच्यावर पुढं येतेच.

पुरुष उपकेंद्रावर येत नाहीत. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी करायची, आणि येतात फक्त बायका. यावर माझा उपाय दूध संस्था. सकाळी सहा ते आठ सगळा गाव किटल्या घेऊन रांगेत. मी बीपीचं मशीन घेऊन बाकड्यावर बसते. दहा दिवसांनी बिल वाटतात त्या दिवशी तर म्हातारी माणसंही येतात. पहिल्यांदा चेअरमनांना विचारा, न विचारता बसू नका. बायकांचं उलट. त्या येतात, पण तोंड दाखवतील, बाकीचं नाही. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, म्हणजे व्हीआयए, सोपी असते. पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि पांढरं उमटतंय का बघायचं. अवघड आहे ते बाईनं टेबलावर चढणं. मी संक्रांतीला उपकेंद्रातच कार्यक्रम ठेवते. हळदीकुंकू म्हणत नाही, तिळगूळ म्हणते. हळदीकुंकू म्हटलं की विधवा बायका घरात बसतात, आणि तपासणी त्यांचीही व्हायला हवी. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवला होता. माना सगळ्यांनी डोलावल्या. तरी चिठ्ठीवर शब्द तिळगूळच बरा.

बीपी, श्वास आणि सुई

बीपी घेता येतं, असं आपल्या सगळ्यांना वाटतं. माझं उपकेंद्र चढावर आहे. माणूस चढून येतो, तोंडात तंबाखूचा बार असतो, ऊस कधी जाणार यावर बोलत बोलत हात पुढं करतो. बाही दंडावर घट्ट गुंडाळलेली. अशा एकाचं मी १६८/१०४ लिहिलं होतं. बार टाकायला लावला, चूळ भरायला लावली, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसवला आणि "एक शब्द बोलायचा न्हाई" म्हटलं. पाच मिनिटांनी हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून घेतलं तर १४४/९०. दोन्ही आकडे जास्तच, पण पहिल्यावर धावाधाव झाली असती, दुसऱ्यावर आठवड्यानं परत बोलावणं पुरतं. तंबाखू-चहानंतर खरं तर अर्धा तास जायला हवा. अर्धा तास रिकामा कोण बसतंय? म्हणून अशांचं वजन, साखर, आभा कार्ड (आरोग्याचं ओळखपत्र) आधी उरकते आणि बीपी शेवटी घेते.

कोल्हापूर जिल्ह्यात असाल तर मोठा कफ, म्हणजे बीपी घेताना दंडाला गुंडाळायचा पट्टा, मागून घ्या. नेहमीच्या कफवर २२ ते ३२ सेंटिमीटर असं छापलेलं असतं. तालमीत वाढलेल्या माणसाचा दंड साठीतही त्यात मावत नाही, आणि लहान कफ बीपी जास्त दाखवतो. आमच्या गावात एक जुने पैलवान आहेत. त्यांना दोन ठिकाणी बीपी आहे म्हणून सांगितलं होतं. मोठ्या कफनं तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी घेतलं, १३० च्या वर गेलं नाही.

१४०/९० किंवा जास्त दोन वेगळ्या भेटींत आलं तर एमओंकडे. १८०/११० च्या पुढं गेलं तर त्याच दिवशी फोन. आणि सोबत छातीत दुखणं, धाप, अंधारी, एका बाजूचा हात-पाय लुळा, यातलं काहीही असेल तर आकडा परत घेत बसू नका, १०८ लावा. साखर जेवणाचा हिशेब न धरता १४० च्या वर आली तर उपाशीपोटी परत तपासायला पाठवायचं. एवढं पाठ असलं की ओपीडी निम्मी सोपी होते.

लहान मुलांत मात्र मशीन नाही, डोळे आणि घड्याळ. मागच्या पावसाळ्यात एक आई आठ महिन्यांचं पोर घेऊन आली. खोकला, सर्दी, दोन दिवस. पोर रडत होतं. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजायचे नाहीत. आईला पाजायला बसवलं, पोर निवलं, डोळे मिटायला लागलं. मग झबलं छातीपर्यंत वर केलं आणि मोबाइलवर मिनिट लावलं. पूर्ण मिनिट. तीस सेकंद मोजून दुप्पट करू नका, लहान मुलं मध्येच भरभर घेतात, मध्येच थांबतात. पोटावर नजर ठेवून मोजले: ५६. फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात नव्हती, पाजलेलं ओकत नव्हतं, गुंगी नव्हती. दोन महिन्यांपर्यंत ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, त्याच्या बरोबरीला किंवा वर गेलं की न्यूमोनिया धरायचा. एमओंना फोन केला, वजनाप्रमाणे अमॉक्सिसिलीनची विरघळणारी गोळी तिथंच चमच्यात विरघळवून आईच्या हातून पहिला डोस दिला. आईच्या हातून, कारण रात्रीचा डोस तिलाच द्यायचा आहे. दुसऱ्या दिवशी आशाताईंना घरी पाठवलं. छाती आत ओढत असती किंवा पोर पीत नसतं, तर हे सगळं सोडून गाडी.

आणि सुई. याच्यावर तुम्हाला कुणी ट्रेनिंग देणार नाही.

"बाई, अंग लई मोडून आलंय. सुई द्या की एक."

"गोळ्या देते की. ताप उतरंल."

"नुसत्या गोळ्या व्हय? मग मी जातो तिकडं, तो देतोय सलाईन बी."

इथं चिडायचं नाही आणि ज्ञानही पाजायचं नाही. मी मावशींना झोपवते, ताप, नाडी, बीपी घेते, पोट दाबून बघते, जीभ बघते, डोळ्याची खालची पापणी ओढून बघते. लोकांना सुई हवी असते यातलं निम्मं म्हणजे कुणीतरी हात लावून बघावं, असं माझं मत झालंय. तपासून झालं की गोळीचा पहिला डोस समोर पाण्याबरोबर देते आणि सांगते, उद्या सकाळी येऊन सांगा, उतरला नसला तर माझं चुकलं. दहातले सात ऐकतात. तीन जातात तिकडं, सुई देणाऱ्याकडं. जाऊ द्या. ते परत येतील तेव्हा "कशाला गेलतासा?" हे विचारू नका.

पाठवणं

या कामात मला कुणी एकच गोष्ट नीट शिकवायला हवी होती, ती म्हणजे रेफर करणं. कोर्समध्ये ते एका ओळीत संपतं: लक्षण दिसलं, वरच्या केंद्रात पाठवा. मीही तसंच करत होते.

अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी. दूध संस्थेच्या बाकड्यावर तोंड उघडायला लावलं. बॅटरीच्या उजेडात डाव्या गालाच्या आत, तंबाखूचा बार ठेवायची जागा असते तिथं, पांढरा चट्टा. बोटाला गॉज गुंडाळून पुसला, निघाला नाही. तोंडात उभी तीन बोटं जायला हवीत, दोनच जात होती. मी चिठ्ठी लिहिली, दवाखान्याचं नाव लिहिलं, "लगेच जाऊन या" म्हटलं, रजिस्टरला रेफर म्हणून नोंद केली. माझं काम झालं.

चार महिन्यांनी ते दुसऱ्याच कामाला आले. बोलणं जड वाटलं म्हणून विचारलं, तात्या, त्या चिठ्ठीचं काय झालं? त्यांनी खिशातून दुधाच्या कार्डाचं प्लास्टिकचं पाकीट काढलं. कार्डाच्या मागं माझी चिठ्ठी, घडीवर घडी, जशीच्या तशी.

"गेलतो की, बाई. दाताचं डाक्टर त्या दिवशी नसत्यात म्हणाले. परत ये म्हणाले. परत जायाचं म्हंजे दिस मोडतोय, म्हशी कोण बघणार?"

चट्ट्याच्या जागी आता कडा टणक झालेलं चिघळलेलं ठिकाण होतं. पुढं कोल्हापूरला ऑपरेशन झालं. ते आहेत, येतात, पातळ करून खातात, बोललेलं निम्मं कळतं. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. पण ते गेले होते. एकदा जाऊन आले होते. दातांचे डॉक्टर कुठल्या वारी असतात हे एक फोन करून मला विचारता आलं असतं.

तेव्हापासून मी असं करते. चिठ्ठी लिहायच्या आधी फोन. कुठल्या वारी, कुठल्या खोलीत, केसपेपर किती वाजेपर्यंत मिळतो, हे विचारून घेते. तालुक्याच्या आणि सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, वेळा मी भिंतीवर लावल्यात आणि दर दोन-तीन महिन्यांनी परत फोन करून खात्री करते, कारण त्या बदलतात. मग पेशंटबरोबर बसून दिवस ठरवते. माझा नाही, त्याचा. दूध बिलाच्या दुसऱ्या दिवशी हातात पैसे असतात. पेरणीत, कापणीत कुणी जात नाही. म्हैस विणार असेल तर त्या आठवड्याचं बोलूच नका. बरोबर कोण जाणार, कुठली एसटी, परतीची कुठली, आधार आणि रेशनकार्ड घेतलं का, एवढं विचारते. मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेत कागद लागतात आणि माणूस कागदासाठी परत आला की पुन्हा जात नाही.

चिठ्ठीत "तपासून उपचार व्हावेत" असं लिहू नका. त्यातून वरच्या डॉक्टरला काही कळत नाही. काय दिसलं, कधीपासून, आकडे किती, मी काय दिलं आणि मला कशाची शंका आहे, हे चार ओळींत. खाली माझा मोबाइल नंबर. आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात मराठीत, पेशंटला वाचता येईल असं: "मंगळवारी सकाळी नऊच्या आत, खोली अमुक." ही शेवटची ओळ त्याच्यासाठी असते. ती वाचून दाखवायची आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायची.

आणि वही. सरकारी रजिस्टर नाही, साधी दोनशे पानी. डाव्या पानावर पाठवलेला माणूस आणि ठरलेली तारीख, उजवं पान कोरं. ठरलेल्या तारखेच्या संध्याकाळी मी फोन करते: पोचला का, काय म्हणाले, परत कधी बोलावलं. मग उजवं पान भरतं. आशाताईंमध्ये तिचं नाव "कोरी वही" असं पडलंय. मिटिंगमध्ये मला किती रेफर केले ते विचारतात, किती पोचले ते क्वचितच. तरी ठेवा.

ई-संजीवनीनं, म्हणजे मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला घ्यायच्या सरकारी सोयीनं, थोडी पायपीट वाचते. पण फोन लावून मग पेशंटला "काय होतंय?" विचारायला बसलात तर समोरचे डॉक्टर वैतागणारच. आधी सगळं तपासून, आकडे लिहून, मग लावा. आणि पहिल्या वाक्यात प्रश्न सांगा: "पंचावन्न वर्षांच्या बाई, ॲम्लोडिपीन पाच चालू आहे, तीन भेटी १५० च्या वर, डोस वाढवू का?" रेंज आमच्याकडे देवळाच्या पायरीवर येते. पेशंटला घेऊन तिथं बसलेली आहे मी. लोक घोळका करतात, त्यांना लांब पाठवायचं काम शिपाईमामांचं.

मण्यार

सापाचं वेगळं लिहिते, कारण इथं चिठ्ठीला वेळ नसतो. घोणस चावली तर सूज, दुखणं, रक्त, सगळं दिसतं आणि माणसं पळत येतात. मण्यारीचं तसं नाही. पहाटे साडेपाचला एका पोराला आणलं, अठरा-एकोणीसचा. रात्री जमिनीवर झोपला होता. पोटात दुखतंय, उलटी झाली, गिळवत नाही. घरच्यांनी पित्त म्हणून आलं-लिंबू दिलेलं. मी बॅटरी लावून वर बघ म्हटलं. डोकं मागं टाकून बघत होता, पापण्या वर जाईनात. चावल्याची खूण शोधत बसले नाही, मण्यारीची बऱ्याचदा सापडतही नाही.

१०८ लावली, एमओंना उठवलं, लस तयार ठेवायला सांगितली. पोराला हलू दिलं नाही, कुशीवर झोपवलं, लाळ साठत होती म्हणून. घट्ट दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, हातातली अंगठी-कडं काढायचं. कागदावर फक्त वेळा लिहिल्या: झोपला कधी, पोटात दुखायला कधी लागलं, पापणी कधी पडली. सापाची लस किती द्यायची, श्वासाचं मशीन लागेल का, ते वरचे डॉक्टर या वेळांवरून ठरवतात. लस उपकेंद्रात ठेवून आपण देत नाही, पण सगळ्यात जवळ ती कुठं शिल्लक आहे हे जून ते ऑक्टोबर रोज सकाळी माहीत असायला हवं. तो पोरगा आता एमआयडीसीत कामाला आहे.

बंधारा बुडायच्या आधी

पेपरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला किती फुटावर आली ते येतं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. आम्हाला त्या आकड्याचा उपयोग नाही. वेदगंगेवरचा आमचा बंधारा त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो, आणि या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरूनच रस्ता असतो. एकदा तो गेला की पीएचसी, सात किलोमीटरची, लांबच्या वळशानं तिसाच्या पुढं जाते.

म्हणून मे संपायच्या आत सिस्टरांबरोबर बसून यादी करा. जून मध्यापासून ऑगस्टअखेर ज्यांच्या बाळंतपणाच्या तारखा आहेत त्या सगळ्या. प्रत्येकीचे नातेवाईक पाण्याच्या अलीकडं कोण, पलीकडं कोण. तारखेच्या आठ-दहा दिवस आधी तिला दवाखान्याच्या बाजूला नेऊन ठेवायचं. सासू म्हणते माहेर लांब, सून म्हणते जावेकडं नको. हा वाद मे महिन्यात घातलेला बरा, पाणी चढताना घालता येत नाही. हिमोग्लोबिन ७ च्या खाली किंवा बीपी १४०/९० च्या वर असेल तर पाऊस बघू नका, तिला आधीच वर दाखवून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानाची तपासणी असते, जूनची ९ तारीख चुकवू देऊ नका. बीपी-साखरेच्या गोळ्या जूनमध्ये दोन महिन्यांच्या द्यायची परवानगी एमओंकडून लेखी घ्या. ओआरएस आणि झिंक भरपूर मागवून ठेवा. पाणी ओसरल्यावर चिखलात काम करून ताप आला, पिंढऱ्या दुखतात, डोळे लाल, असं कुणी म्हणालं की लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, विचार आधी करा.

पाऊस संपला की ऊसतोड. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बीडकडच्या टोळ्या येतात, मार्चपर्यंत असतात. त्या बायका पहाटे चारला फडात जातात, तुमच्या दहा ते पाचच्या ओपीडीत त्या कधीच दिसणार नाहीत. संध्याकाळी सातनंतर त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जा, मुकादमाचा नंबर घ्या, मुलांच्या लसीची कार्डं बघा आणि त्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. कार्ड हरवतं, पुढच्या गावातली सिस्टर तुमच्याकडे फोटो मागते. गरोदर बाई असेल तर पुढचा मुक्काम कुठं, ते विचारून तिथल्या सीएचओला फोन. तिचं नावही कोऱ्या वहीत लिहायचं.

कामाची माहिती भरायच्या पोर्टलांबद्दल काय लिहू. किती आहेत ते मोजायचं मी सोडलंय. दुपारी तीन ते चार दार लोटून भरा, घरी नेऊ नका. पेशंट समोर असताना मोबाइलवर भरू नका, त्याला वाटतं तुम्ही व्हॉट्सॲप बघताय. जन आरोग्य समितीच्या बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहा आणि सरपंचांची सही त्याच दिवशी घ्या. खर्चाच्या पावत्या एका डब्यात. मानधन उशिरा आलं तर एकट्यानं भांडू नका, तालुक्यातले सगळे मिळून पत्र द्या.

रजेवर जाताना दोन गोष्टी सिस्टरांच्या हातात द्या. एक, औषधांच्या कपाटाची किल्ली. दुसरी, कोरी वही, त्या आठवड्यात ज्यांच्या तारखा आहेत त्या पानांत दोरा घालून. मागच्या दिवाळीत मी पाच दिवस माहेरी कागलला होते. परत आले तेव्हा दोन उजवी पानं सिस्टरांच्या अक्षरात भरलेली होती, आणि तिसऱ्यापुढं लिहिलं होतं: "फोन बंद. घरी जाऊन आले. उद्या मुलाबरोबर जाणार."